बडनेऱ्याहून आलेलं ड्रेसिंग टेबल

“कपडे अजून बॅगीतच हायेत ना तिचे? मंग काही नाई वो वहिनी. जाईन ते.”

आत्या आईला सांगत होती. मी नुकतीच स्टेशनवरून आले होते आणि मागच्या दाराशी वाकून सँडलचा पट्टा काढत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघींचा आवाज येत होता, आणि सुपात तूर डाळ पाखडल्याचा. एक खडा वाटीत पडल्याचं तेवढं ऐकू आलं. मी सँडल हातात घेऊन तिथेच उभी राहिले. आत गेले असते तर दोघींनी विषय बदलला असता.

विषय म्हणजे माझी ताई. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर ती चांदूर बाजारहून, सासरहून, आमच्या अकोल्याच्या घरी आली आणि परत गेली नाही. सुरुवातीला आई शेजारणींना सांगायची, पोरगी आरामाला आली आहे. पुढे सांगणं थांबलं, कारण विचारणं थांबलं. भाऊजींचा हात उठतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण बोलताना सगळे “स्वभाव जरा तापट आहे” एवढंच म्हणायचे, आणि वाक्य तिथेच संपायचं.

ताईची बॅग आतल्या खोलीत पलंगाखाली असायची. चाकांची, मरून रंगाची, लग्नाच्या वेळी घेतलेली. रोज सकाळी ती बॅग ओढून बाहेर काढायची, चेन उघडायची, त्या दिवसाचे कपडे घ्यायची, बाकीचे दाबून बसवायची आणि बॅग पायाने आत सारायची. संध्याकाळी दोरीवरचे कपडे घडी होऊन पुन्हा बॅगेत. हे मी दर शनिवार-रविवारी पाहत होते आणि मला त्यात काही वेगळं दिसलं नव्हतं. आमच्याकडे माहेरी आलेली मुलगी बॅगेतूनच राहते. आत्या आली की तशीच राहते, मावशीही. माहेरवाशिणीला कोणी कपाटात जागा करून देत नाही. त्यात तिला परकं करण्याचा हेतू नसतो. ती थोड्या दिवसांची आहे हे सगळ्यांनी धरलेलं असतं, तिनेही. आत्याचं वाक्य ऐकलं तेव्हा मला कळलं की ती बॅग फक्त मीच पाहत नव्हते. बाबाही पाहत होते, आईही, आठवड्यातून एकदा येणारी आत्याही. बॅग पलंगाखाली आहे तोवर ताईचं काहीच ठरलेलं नाही, असं प्रत्येकाला मानता येत होतं.

माझ्या कपाटात जागा होती. मी अमरावतीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि तिथेच खोली घेऊन राहते, त्यामुळे घरातले माझे कप्पे बहुतेक रिकामे. मी ताईला म्हटलं होतं, इथे ठेव. ती म्हणाली, “राहू दे वं. परत काढाच लागन.” रागाने नाही. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं, तसं.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. लॅबमध्ये माझ्याबरोबर काम करणाऱ्या एक मॅडम रोज बडनेऱ्याहून येतात. त्यांच्या ओळखीचं, रेल्वे क्वार्टरमधलं एक कुटुंब बदली होऊन चाललं होतं आणि सामान काढत होतं. जेवणाच्या सुट्टीत मॅडम दुसऱ्या कोणाला तरी सांगत होत्या, कूलर गेला, सोफा गेला, ड्रेसिंग तेवढं राहिलं, ते फार जुनं आहे. मी डब्याचं झाकण लावत होते. अशा बोलण्यात मी सहसा पडत नाही. शाळेत इंग्रजीत उत्तर द्यायचं असे, तेव्हा मी ते आधी मनात पूर्ण तयार करायचे, बरोबर आहे का पाहायचे, आणि तोवर टीचर पुढच्या बाकावर गेलेल्या असायच्या. ती सवय मराठी बोलतानाही राहिली आहे. पण त्या दिवशी मी विचारलं, “खण किती आहेत त्याला?”

मॅडमनी माझ्याकडे वळून पाहिलं. “चार असतीन. काहून, तुले पायजे का?”

मॅडमबरोबर मी बडनेऱ्याला गेले तेव्हा क्वार्टरमधल्या काकूंनी चहा दिला आणि मग ड्रेसिंग दाखवलं. सागवानी होतं. वर लांबट आरसा, खाली चार खोल खण. वार्निश काळं पडलेलं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. आरशाच्या कडेला बाहेरच्या बाजूला टिकल्यांची रांग चिकटवलेली होती. काकूंनी बोलता बोलता त्यातली एक नखाने काढून कपाळाला लावली. “भुसावळ, वर्धा, मग इथं. जिथं बदली झाली तिथं हे आलं,” त्या म्हणाल्या. “आता पोरगा म्हणतो, नव्या घरात भिंतीतच कपाटं हायेत, हे कायले न्यायचं.” त्यांनी एकेक खण उघडून दाखवला. खालचा डावा अडकत होता. तो किंचित वर उचलून ओढायचा, असं त्यांनी मला स्वतः करून पाहायला लावलं. मी ओढला. आत वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास होता.

“तुह्या रूमवर ठेवशीन?”

“घरी,” मी म्हटलं. त्याहून जास्त सांगितलं नाही.

रंगवायचं मी आधीच ठरवलं होतं. मोबाइलवर मी असे व्हिडिओ पुष्कळ पाहिले होते. कुठल्या तरी थंड देशातल्या बायका, मोठ्या गॅरेजमध्ये, जुनी कपाटं आणि ड्रेसर घेऊन त्यांना दुधाळ, खडूसारखा न चमकणारा रंग देतात. तो चॉक पेंट त्यांच्याकडे डब्यात तयार मिळतो. अमरावतीच्या रंगाच्या दुकानात मी विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला, “चॉक? स्टेशनरीत पाहा ना, ताई.” पण घरी करायची कृतीही व्हिडिओत होती: भिंतीला लावतात तो साधा इमल्शन रंग, त्यात पाण्यात कालवलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस. जुनं पॉलिश पूर्ण खरवडून काढावं लागत नाही, नुसतं घासलं तरी हा रंग त्यावर बसतो. ताईला दुसऱ्या कोणाच्या वापरून झालेल्या काळ्या लाकडात कपडे ठेवायला सांगायचं मला जमलं नसतं. रंग दिला की ते नवं होईल अशी माझी समजूत नव्हती. ते कोणाचंच राहणार नाही, आणि मग तिचं होऊ शकेल, असं काहीतरी मनात होतं.

शनिवारी ते छोट्या टेम्पोतून अकोल्याला आलं. मी ड्रायव्हरशेजारी बसून आले. घरासमोर टेम्पो थांबला आणि समोरच्या काकू फाटकापाशी आल्या.

“माय माय! लहानीच्या आंदणाची तयारी वाटते!”

आई दारात उभी होती. तिने टेम्पोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “हो, आता पाहाच लागन ना.”

मी एक खण काढून छातीशी धरला आणि आत गेले. मला वाटलं होतं तिने सहज बोलून वेळ मारून नेली. पण पोळ्या करताना तिने हळूच विचारलं, “कोणाचं हाय ते? खरं सांग.”

“ताईसाठी आणलं.”

आईचं लाटणं थांबलं नाही. पोळी तव्यावर टाकून, ती उलटून झाल्यावर ती म्हणाली, “असं बोलू नको कोणाले. बाबाले त नाहीच. तुह्यासाठी हाय म्हणू. मंग घरात राहीन तरी.”

त्यामुळे ते माझं झालं. बाबांनी रात्रीचं जेवण झाल्यावर त्याला चक्कर मारली, बोटाने ठोकून सागवान असल्याची खात्री केली आणि म्हणाले, “चांगलं हाय. पण आतापासून?” आई म्हणाली, “आतापासूनच करा लागते.” ताई ताटं उचलत होती. तिने आरशात आम्हा सगळ्यांना पाहिलं आणि आत निघून गेली. तिलाही मी काही सांगितलं नाही. कसं सांगायचं हे मनात जुळवत राहिले, आणि रविवारी दुपारच्या गाडीने अमरावतीला परत गेले.

पुढच्या शनिवारी मी रंग, प्लास्टर, पॉलिश पेपर घेऊन आले. मागच्या अंगणात सकाळी नऊपर्यंत सावली असते. त्यानंतर एप्रिलमध्ये तिथे पाय ठेवता येत नाही. रविवारी मी पहाटेपासून घासत होते. ताई पायरीवर चहाचा कप घेऊन बसली होती. बाबा वंदनेला विहारात निघाले होते, पांढरा शर्ट घालून. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातून ते निवृत्त झाले आहेत आणि रविवारी विहारात मुलींच्या शिक्षणावर बोलतात. चांगलं बोलतात. लोक ऐकतात.

“इंग्लिश मीडियमले टाकलं ते सुताराचं काम करासाठी का?” ते जाता जाता म्हणाले.

“सुताराले विचारा ना, घरी येते का रविवारी,” ताई म्हणाली. बाबा हसले. त्यांच्यात असं थोडं बोलणं अजून चालू होतं.

मी बादलीत पाणी घेतलं, प्लास्टर घातलं, ढवळलं, त्यावर रंग ओतला. तेवढ्यात लॅबमधून फोन आला. कोणाचा तरी रिपोर्ट सापडत नव्हता. मी आत जाऊन बोलून परत आले. ताई बादलीपाशी उभी होती. तिने ब्रशचा दांडा धरला आणि वर उचलला. ब्रशबरोबर आख्खी बादली वर आली.

आम्ही दोघी बादलीकडे पाहत राहिलो. अकोल्याच्या त्या उन्हाळ्यात प्लास्टर पाहता पाहता दगड झालं होतं. व्हिडिओतल्या बायकांच्या गॅरेजमध्ये बहुधा बर्फ पडत असावा.

“घे,” ताई म्हणाली. “आता हे बाबाच्या हाती दे. पोरीनं मुगदर केला म्हणा.” आणि ती हसली. आधी थोडं, मग पायरीवर बसून, पदराने डोळे पुसत. आई धावत बाहेर आली. तिला वाटलं रडते आहे. दिवाळीनंतर आमच्या घरात एवढ्या मोठ्याने कोणी हसलं नव्हतं. आई चौकटीला धरून उभी राहिली आणि मग आत गेली.

मग कामाचा ताबा ताईने घेतला. “प्लास्टर नको. चाक मिट्टी आण, पुताईवाले वापरतात ते. ते आळत नाही एवढ्यात.” मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून खडूची भुकटी आणली. तिने ती जुन्या ओढणीतून गाळली, माठातल्या पाण्यात कालवली, गाठी बोटांनी मोडल्या, आणि त्यात रंग थोडा थोडा घालत गेली. एका वेळी एका वाटीपेक्षा जास्त करायचं नाही, असं तिने ठरवलं. पांढऱ्याला छटा द्यायला मी स्टेनरच्या, पातळ रंगाच्या, छोट्या बाटल्या आणल्या होत्या. रंग कोणता करायचा हे मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “तुह्या आंदणाचं हाय. तू सांग.”

मी खाली बघून म्हटलं, “माझं नाही. तुझं आहे.”

ती काही वेळ वाटी ढवळत राहिली. “आईले माहीत हाय?”

“हो.”

“बाबाले?”

मी मानेनेच नाही म्हटलं. तिने हिरव्याचे थेंब टाकले, मग थोडा पिवळा, मग अगदी टोकाने काळा. ओल्या तुरीच्या दाण्याला असतो तसा मळकट हिरवा रंग तयार झाला. “हा,” ती म्हणाली.

पहिला हात आम्ही दोघींनी मारला. ती लांब, सरळ फटकारे मारत होती, माझे आखूड. काम करताना ती बोलायला लागली. मान वर न करता.

“तिथं माह्या कपाटाची चाबी सासूबाईजवळ राहायची. आपण दिलेलंच कपाट. साडी पायजे असली की मागा लागे. मागितली की द्यायच्या, नाही म्हणायच्या नाहीत. पण आधी विचारत, कुठं जायचं हाय?” ती खणाच्या कडेला ब्रश फिरवत होती. “एकदा मी नाही मागितली. म्हटलं पाहू, किती दिवस चालते. अंगावरचीच घालून राहिली, रात्री धुवून. त्यानं ह्यांना राग आला. लोकांत शोभा करते म्हणे.” त्यानंतर काय झालं हे तिने सांगितलं नाही. ब्रश वाटीत बुडवला, कडेला निथळवला आणि दुसरा खण पुढे ओढला.

ह्या खणांना कुलूप नव्हतं. ते मी तेव्हा पाहिलं. आणून आठवडा झाला होता तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि आता ते लावायचं की नाही हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. ताईनेच सांगितलं, “कुलूप नको लावू.”

वरच्या फळीवर अडचण आली. दोन हात देऊनही एका जागी पिवळसर गोल उमटायचा. क्वार्टरमधल्या काकूंची तेलाची बाटली वर्षानुवर्षं त्या एकाच जागी ठेवलेली असणार. तेल लाकडात मुरलं होतं आणि रंगाला वर येऊन खात होतं. मी पुन्हा व्हिडिओ शोधले. त्या देशातल्या ड्रेसरना खोबरेल तेलाचा त्रास नसावा, पण एकीने कसल्या तरी डागांवर लाखेचा थर द्यायला सांगितलं होतं. चपड्याची लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावली, ती वाळल्यावर पुन्हा रंग दिला. डाग पुन्हा वर आला नाही. शेवटी मऊ फडक्याने मेण चोळायचं होतं. ते काम मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी होणार होतं.

त्याच्या आदल्या दिवशी आत्या आली. येताना तिने ताईसाठी तळायच्या सांडया आणल्या होत्या, स्वतः उन्हात वाळवलेल्या. ती वाईट बाई नाही. ताईच्या लग्नात तीच सर्वांत जास्त रडली होती. ती ड्रेसिंगपुढे उभी राहिली, एक खण ओढला, आत ढकलला, पुन्हा ओढला.

“गुळगुळीत झालं,” ती म्हणाली. मग आईला, “पण जुनं देता का वहिनी आंदणात? लोक काय म्हणतीन, सेकंडहँड दिलं पोट्टीले!”

“तिलेच आवडलं,” आई म्हणाली.

“ठीक हाय, आजकालच्या पोरी. पण मंग मोठीचं लवकर निस्तरा. उद्या हिले पाहाले कोणी आले, तर काय सांगसान, मोठी कुठं हाय? घरात बसली हाय? कोणी पाणी तरी पिईन का तुमच्याकडं?” ती बाबांकडे वळली. “दादा, म्या तिच्या मामसासऱ्याले फोन लावला होता. ते उद्या येऊन राहिले, जेठाले घेऊन. समजदार माणूस हाय. बोलून घ्या अन् पाठवून द्या पोरीले.”

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. “येऊ दे,” ते म्हणाले.

मी दारात होते. मला तेव्हा नीट दिसलं काय झालं ते. ताईला घरात जागा व्हावी म्हणून आणलेली वस्तू माझ्या नावावर उभी होती, आणि माझं लग्न जवळ आलं आहे असं समजून ताईला घराबाहेर काढायची घाई सुरू झाली होती. आईनेही ते ओळखलं होतं. ती सांडयांचा डबा हातात धरून नुसती उभी होती. तो कुठे ठेवायचा हे तिला सुचत नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही मेण चोळलं. ताई वरची फळी करत होती, मी खण.

चोळता चोळता ती म्हणाली, “मी बाबाले सांगितलं होतं. आल्या आल्याच. मले नाई जायचं म्हटलं. ते म्हणाले, आता रागात हायेस, राग जाऊ दे. मंग संक्रांतीच्या वेळी पुन्हा सांगितलं. म्हणाले, विचार करू. आईले सांगितलं की ते रडते.” तिने फडकं उलटं केलं. “मी रागात नाई. मी बोलते ते कोणाले ऐकूच येत नाही जसं काही. माहं हाय ना ते, म्हणून. माह्याबद्दल मीच सांगितलं तर ते धरत नाहीत.”

मी खणाचा कोपरा चोळत राहिले. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, आणि जे सुचत होतं ते सगळं लहान होतं. ड्रेसिंग आम्ही दोघींनी उचलून आतल्या खोलीत, कूलरसमोरच्या भिंतीला लावलं. खण रिकामे होते. मी वर्तमानपत्र कापून प्रत्येकात अंथरलं. ताईने ते पाहिलं, पण कपडे ठेवले नाहीत, आणि मी ठेव म्हटलं नाही.

ते दोघे दुपारच्या आधी आले, गाडीने. मामसासरे, ताई त्यांना मामाजी म्हणायची, उंच, पांढऱ्या मिशांचे, आवाज मऊ. जेठ, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, त्यांच्या बाजूला बसून मोबाइल पाहत होते. बाहेरच्या खोलीत गरम होतं म्हणून आत्याने त्यांना आत कूलरपाशीच बसवलं. बाबा खुर्चीवर. मी पाणी घेऊन गेले. चांदूर बाजारच्या संत्र्यांबद्दल, यंदाच्या पाण्याबद्दल, त्यांच्या बियाण्यांच्या दुकानाबद्दल बोलणं झालं. माझ्या नोकरीबद्दलही. कोणी ताईचं नाव घेत नव्हतं, आणि ती भिंतीच्या पलीकडे पोहे परतत होती.

मग मामाजींची नजर ड्रेसिंगवर गेली. ते उठून जवळ गेले, हात फिरवला.

“कोणाचं काम हाय हे?”

“ह्या लहानीचं,” आत्या म्हणाली. “आंदणाची तयारी चालू हाय तिची.”

“वा! शुभ हाय.” ते परत येऊन बसले. “मंग भाऊसाहेब, तुमाले आता ह्या पोरीचं पाहा लागन. आमची सून आमी घेऊन जातो. झालं गेलं, मी पोराले समजावलं हाय. लेकरू हाय, डोकं गरम हाय. पुन्हा नाई होणार. काय रे?” शेवटचं जेठांना होतं. जेठांनी मान डोलावली.

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. “हो,” ते म्हणाले. “तसं पाहिलं तर…”

ताई पोह्यांचा ट्रे घेऊन दारात आली. मामाजी तिच्याकडे पाहून हसले.

“ये बेटा. निघायचं ना मंग? ऊन उतरलं की निघू.”

“मी नाई येत, मामाजी,” ताई म्हणाली.

तिचा आवाज स्पष्ट होता. खोलीत सगळ्यांना ऐकू गेला, कूलर चालू असूनही. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि एकेक बशी समोर सरकवली. मामाजी हसतच राहिले. ते बाबांकडे वळून म्हणाले, “रुसवा हाय अजून. माहेरची हवा लागली की असं होते. दोन दिवसांत जाईन.” आत्या म्हणाली, “अजून लहान हाय मनानं.” जेठांनी पोह्यांवर लिंबू पिळलं. आईने पदर तोंडाशी नेला. बाबा ताईकडे न पाहता म्हणाले, “खाऊन घ्या आधी.” ताई हात रिकामे करून उभी राहिली, आणि तिने मला सांगितलं होतं ते अगदी तसंच माझ्यासमोर घडलं. ती बोलली होती, आणि खोलीत कोणीच काही ऐकलं नव्हतं.

मी भिंतीला टेकून उभी होते, पाण्याचा रिकामा तांब्या हातात. मोठ्या माणसांच्या बैठकीत मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. पहिल्यांदा जे बोलले ते कूलरच्या आवाजात मलाही ऐकू आलं नाही.

“काय म्हणते पोरगी?” मामाजींनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या खाली ठेवला.

“ते ड्रेसिंग माह्या लग्नाचं नाही, मामाजी,” मी म्हटलं. “माहं लग्न ठरलं नाही अन् कोणी पाहून नाई राहिलं. ते ताईचं हाये. तिनं आत्ता सांगितलं, ती येत नाही. ताई इथंच राहते.”